आत कोण आहे, हे कुणाला कळावं?

अमेरिकेत एखाद्याला अटक झाली की बहुतेक ठिकाणी काही तासांत त्याचं नाव इंटरनेटवर येतं. नुसतं नाव नाही. वय, फोटो, कुठल्या आरोपाखाली धरलं, जामिनाची रक्कम किती, कोर्टाची पुढची तारीख कधी, कुठल्या इमारतीत ठेवलंय, सगळं. त्यासाठी कुणाची ओळख लागत नाही, अर्ज करावा लागत नाही, फी भरावी लागत नाही. काउंटीच्या शेरीफच्या साइटवर जायचं, आडनाव टाइप करायचं आणि एंटर मारायचं. पुण्यात बसलेले आईवडीलही हे करू शकतात, आणि ज्याच्याशी काही देणंघेणं नाही असा कुणीही करू शकतो. घोळ नेमका इथेच सुरू होतो.

हा विषय आपल्याशी संबंधित आहे का? आहे. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी होते, म्हणजे इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. तुमच्या कॉलेजमधला कुणी ना कुणी सीनियर सध्या तिकडे एमएस करत असेल, किंवा तुम्ही स्वतः जीआरईचा अभ्यास करत असाल. आणि अमेरिकेला जायचं नसलं तरी ‘पोलिसांनी धरलेला माणूस कुठे आहे हे कुणाला कळावं’ हा प्रश्न आपल्या गल्लीतही तितकाच खरा आहे.

जेल वेगळं, प्रिझन वेगळं

आधी एक गल्लत दूर करू. आपण ‘जेल’ आणि ‘प्रिझन’ दोन्हीला तुरुंगच म्हणतो. आपल्याकडे येरवड्यात किंवा आर्थर रोडला कच्चे कैदी आणि शिक्षा झालेले कैदी एकाच कारागृहाच्या भिंतीआड असतात. अमेरिकेत हा फरक महत्त्वाचा आहे. प्रिझन राज्याचं किंवा केंद्राचं असतं आणि तिथे मोठी शिक्षा लागलेले लोक जातात. काउंटी, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग, चालवते ते जेल. तिथे असतात खटला उभा राहायची वाट बघणारे आणि साधारण वर्षभरापर्यंतची छोटी शिक्षा झालेले. कनेक्टिकट, डेलावेअर, हवाईसारख्या मोजक्या राज्यांत काउंटी जेलच नाहीत, सगळं राज्याकडे आहे. बाकी बहुतेक ठिकाणी जेलची सूत्रं शेरीफकडे असतात. मुंबईचा शेरीफ म्हणजे नगरपाल, नुसतं मानाचं पद. तिकडचा शेरीफ मात्र निवडणूक लढवून येतो, पोलीस दल सांभाळतो आणि जेलही चालवतो.

आता आकडे बघा. अमेरिकेतल्या स्थानिक जेलांमध्ये कुठल्याही एका दिवशी साडेसहा लाखांच्या आसपास माणसं असतात. पण वर्षभरात तिथे भरती होण्याच्या घटना ७० लाखांच्या वर जातात. म्हणजे सतत येजा चालू. आणि आत असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांवरचा गुन्हा सिद्ध झालेला नसतो. हा आकडा वाचून ‘काय हा देश’ असं म्हणायची घाई करू नका. आपल्याकडे २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी होते.

म्हणजे काउंटी जेलच्या यादीत ज्यांची नावं दिसतात, त्यातले बहुतेक जण कायद्याच्या नजरेत अजून निर्दोष आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यादी मुळात कशासाठी?

‘अटक झालेल्याची माहिती अशी जगजाहीर करणं म्हणजे त्याची बदनामीच की!’ असं वाटणं साहजिक आहे. पण यादीमागचा मूळ विचार बदनामीचा नाही, उलटा आहे. सरकारने कुणाला गुपचूप उचलू नये. उचललंच तर ते जगाला कळावं. माणूस आत आहे हे चारचौघांना माहीत असलं की त्याला गायब करणं अवघड होतं.

हे पुस्तकी वाटत असेल तर आपल्याच देशातली एक गोष्ट आठवा. आणीबाणीचा काळ. १ मार्च १९७६ च्या पहाटे केरळमधल्या कालिकतच्या रीजनल इंजिनीअरिंग कॉलेजमधून पी. राजन नावाच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी नेलं. वडील, प्रा. ईचर वारियर, मुलगा कुठे आहे हे विचारत दारोदार फिरले. अधिकारी झाले, मंत्री झाले. उत्तर कुणीच देईना. आणीबाणी उठल्यावर १९७७ मध्ये त्यांनी केरळ उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका केली, म्हणजे ‘माझा माणूस कोर्टासमोर हजर करा’ अशी मागणी. त्या प्रकरणात मुख्यमंत्री के. करुणाकरन यांना पद सोडावं लागलं. राजन मात्र परत आला नाही. त्याचा मृतदेहही मिळाला नाही.

राजन तुमच्याच वयाचा होता. त्या दिवशी कुठल्यातरी फळ्यावर, कुठल्यातरी वहीत ‘हा मुलगा आमच्या ताब्यात आहे’ एवढी एक ओळ लिहिली असती आणि ती त्याच्या वडिलांना बघता आली असती, तर? यादीचं मोल समजायला एवढा प्रश्न पुरे.

अर्थात, नुसतं नाव यादीत असलं म्हणजे माणूस सुरक्षित असतो असंही नाही. जुलै २०१५ मध्ये टेक्सासच्या वॉलर काउंटीत सँड्रा ब्लँड या २८ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणीला साध्या ट्रॅफिक स्टॉपवरून अटक झाली. लेन बदलताना इंडिकेटर दिला नाही, इथून सुरुवात. जामीन ५००० डॉलर, प्रत्यक्ष भरायला लागणार होते सुमारे ५०० डॉलर. घरच्यांना ती कुठे आहे हे माहीत होतं, पैशांची जुळवाजुळव चालू होती. तिसऱ्या दिवशी ती कोठडीत मृतावस्थेत सापडली. मृत्यू आत्महत्येने झाला असं अधिकृतपणे सांगितलं गेलं, त्यावर प्रचंड वाद झाला आणि २०१७ मध्ये टेक्सासने तिच्या नावाने कायदा करून जेलमधल्या देखरेखीचे नियम कडक केले. माहिती मिळाली म्हणजे काम झालं असं नसतं. तिथून घड्याळ सुरू होतं.

फोटोचा धंदा

आता नाण्याची दुसरी बाजू. जेलमध्ये नेल्यावर ‘बुकिंग’ होतं. बोटांचे ठसे, जवळच्या वस्तूंची नोंद आणि फोटो. या फोटोला मगशॉट म्हणतात. पूर्वी हा फोटो फायलीत राहायचा, फार तर स्थानिक पेपरात यायचा आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जायचा. इंटरनेटला रद्दी नाही. काही साइट्सनी शेरीफच्या साइटवरून लाखो फोटो उचलले, स्वतःकडे टाकले आणि ‘फोटो काढायचा तर पैसे भरा’ असा धंदा मांडला. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाने अशाच एका मोठ्या साइटच्या चालकांवर खंडणी, मनी लाँडरिंग आणि ओळखचोरीचे आरोप ठेवले.

पण फक्त खासगी लोकांनाच दोष देऊन चालणार नाही. पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीने स्वतःच एक ऑनलाइन शोध-सुविधा सुरू केली होती. त्यात नुसते सध्याचे कैदी नाहीत, तर १९३८ पासून त्या जेलमध्ये येऊन गेलेल्यांची माहिती होती. १९९८ मध्ये अटक झालेल्या एका माणसाची नोंद कोर्टाच्या आदेशाने पुसून टाकलेली होती. तरी काही वर्षांनी त्याला आपला फोटो इंटरनेटवर दिसला. तो कोर्टात गेला, आणि त्याच्यासोबत तशाच सुमारे ६७ हजार लोकांचा मिळून एक दावा उभा राहिला. २०१९ मध्ये ज्युरीने निकाल दिला की काउंटीने जाणूनबुजून कायदा मोडला, आणि माणशी १००० डॉलर दंड ठरवला. गुणाकार तुम्हीच करा.

त्यानंतर वारं थोडं बदललं. २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्को पोलिसांनी सरसकट मगशॉट प्रसिद्ध करणं थांबवलं. काही राज्यांनीही त्यावर बंधनं आणली. पण नियम एकसारखे नाहीत. एका काउंटीत फोटो दिसतो, शेजारच्या काउंटीत नुसतं नाव.

गुन्हा सिद्ध नाही, तरी नोंद आहे

‘केस तर मिटली, आता काय?’ असं परदेशी विद्यार्थ्याला म्हणता येत नाही, हे एप्रिल २०२५ ने दाखवून दिलं. तेव्हा अमेरिकन सरकारने चार हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थ्यांच्या ‘सेव्हिस’मधल्या नोंदी अचानक रद्द केल्या. सेव्हिस म्हणजे तुमचं विद्यार्थी म्हणून तिथलं अधिकृत अस्तित्व. त्यात भारतीयांची संख्या लक्षणीय होती. नंतर कोर्टात अधिकाऱ्यांनी सांगितलं की सुमारे १३ लाख नावं पोलिसांच्या राष्ट्रीय डेटाबेसशी ताडून पाहिली आणि त्यातली सुमारे ६४०० जुळली. जुळली म्हणजे काय? काहींचा ट्रॅफिकचा किरकोळ मामला होता, काहींच्या केसेस केव्हाच रद्द झाल्या होत्या. देशभर दावे पडले, न्यायाधीशांनी धारेवर धरलं आणि महिनाअखेरीस सरकारने नोंदी पूर्ववत करायला घेतल्या. पण तोवर कित्येकांनी धास्तीने बॅगा भरल्या होत्या.

दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, शिक्षा झालेली नसली, तरी व्हिसा रद्द होऊ शकतो. म्हणजे काउंटी जेलमध्ये काढलेली एक रात्र काउंटीपुरती राहत नाही. जेलच्या यादीतून नाव गेलं तरी बोटांचे ठसे पुढे गेलेले असतात.

मित्र सापडत नाही तेव्हा

समजा, तिकडच्या मित्राचा फोन दीड दिवस लागत नाही आणि रूममेट म्हणतोय, ‘पोलीस घेऊन गेले.’ काय करायचं?

पहिला प्रश्न शहर नाही, काउंटी. यादी काउंटीची असते आणि शहर एकाच काउंटीत बसेल असं नाही. आपल्या मुलामुलींच्या आवडत्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास ॲट डॅलसचंच घ्या. कॅम्पस डॅलस आणि कॉलिन या दोन काउंट्यांच्या हद्दीवर पसरलेला आहे. अटक नेमकी कुठे झाली, त्यावर कुठली यादी बघायची ते ठरतं. शेजारच्या काउंटीची यादीही बघून ठेवा.

दुसरी अडचण आपल्या नावांची. मराठी माणसाचं नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. पासपोर्टवर पहिल्या दोन नावांची एकच जोडी होते. बुकिंगवाला क्लार्क वडिलांचं नाव मधलं म्हणून टाकेल, पहिल्याला जोडून टाकेल किंवा गाळून टाकेल. आडनावाच्या स्पेलिंगचं तर विचारूच नका. म्हणून आधी नुसत्या आडनावाने शोधा, मग आडनावाच्या पहिल्या तीन-चार अक्षरांनी, आणि मिळालेली नावं जन्मतारखेशी किंवा वयाशी ताडून बघा. नाव सापडलं की बुकिंग नंबर लिहून घ्या. पुढे वकील असो, जामीन असो, भेट असो, सगळीकडे तोच विचारतात.

नाव नाही मिळालं तर लगेच घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. बुकिंग पूर्ण व्हायला कित्येक तास लागू शकतात. सुरुवातीला माणूस शहर पोलिसांच्या लॉकअपमध्ये असू शकतो. सुटला असेल, हॉस्पिटलमध्ये असेल, दुसरीकडे हलवला असेल. अशा वेळी साइट रिफ्रेश करत बसण्यापेक्षा जेलच्या बुकिंग डेस्कला फोन लावणं बरं.

मामला इमिग्रेशनचा असेल तर यादीच वेगळी. आयसीई ही केंद्रीय यंत्रणा, पण ती पुष्कळदा काउंटी जेलमधल्याच खाटा भाड्याने घेते. म्हणजे माणूस काउंटी जेलमध्ये, पण नोंद आयसीईच्या स्वतंत्र लोकेटरवर. तिथे ‘ए नंबर’ आणि जन्माचा देश टाकून शोधता येतं, किंवा पूर्ण नाव आणि जन्माचा देश टाकून. नावाचं स्पेलिंग मात्र नोंदीशी तंतोतंत जुळावं लागतं. २०१९ मध्ये मिशिगनमधल्या ‘फार्मिंग्टन’ विद्यापीठाचं प्रकरण आठवतंय? सरकारी यंत्रणेनेच उभं केलेलं बनावट विद्यापीठ, आणि धरपकडीच्या पहिल्या फेरीत १३० विद्यार्थी, त्यातले १२९ भारतीय. देशभर वेगवेगळ्या ठिकाणी त्यांना ठेवलं होतं. कोण कुठे आहे हे घरच्यांना कळावं म्हणून वॉशिंग्टनच्या भारतीय दूतावासाला चोवीस तासांची हेल्पलाइन सुरू करावी लागली.

दूतावासाचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. १९६३ च्या व्हिएन्ना करारातलं कलम ३६ म्हणतं की परदेशी नागरिकाला अटक झाली तर त्याला ‘तुझ्या दूतावासाला कळवायचं का?’ हे विनाविलंब सांगितलं पाहिजे. कुलभूषण जाधव प्रकरणात २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानला दोषी धरलं ते याच कलमाच्या उल्लंघनाबद्दल. पण काही देशांच्या नागरिकांच्या बाबतीत अमेरिकन पोलिसांना दूतावासाला आपणहून कळवणं बंधनकारक आहे, त्या यादीत भारत नाही. म्हणजे भारतीय विद्यार्थ्याने स्वतः ‘हो, कळवा’ म्हटलं तरच कळवलं जाईल. विमानात बसण्यापूर्वी हे एक वाक्य पाठ करून ठेवा. घरचे लोक परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतात, आणि वॉशिंग्टनचा दूतावास किंवा आपल्या भागाचा वाणिज्य दूतावास गाठू शकतात.

आणखी दोन सूचना. जेलमधून येणारा फोन रेकॉर्ड होतो. ‘नक्की काय झालं सांग ना’ असं विचारायचा मोह आवरा. ‘बरा आहेस का? वकील बघतोय. कुणाशी केसबद्दल बोलू नको,’ एवढंच बोला. दुसरं, ज्या यादीवर तुम्हाला नाव दिसतं तीच ठकांनाही दिसते. ‘मी शेरीफच्या ऑफिसमधून बोलतोय, जामिनाचे पैसे गिफ्ट कार्डवर पाठवा’ असे फोन खुद्द कैद्यांच्या नातेवाइकांना जातात, कारण नाव, आरोप, रक्कम सगळं उघड्यावर असतं. कुठलंही जेल गिफ्ट कार्डवर जामीन घेत नाही. आपल्या ‘डिजिटल अरेस्ट’चाच हा भाऊबंद. फोन ठेवा आणि साइटवरच्या नंबरवर स्वतः फोन करून खात्री करा.

आणि आपल्याकडे?

राजनसारखं पुन्हा होऊ नये म्हणून आपल्याकडेही नियम झाले. १९९६ च्या डी. के. बसू निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटकेसाठी ११ सूचना घालून दिल्या. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं त्यात आलं. पुढे ते कायद्यात आलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७ सांगतं की प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात एक नेमलेला अधिकारी हवा. अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप त्याने नोंदवायचं, आणि ती माहिती ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची. डिजिटल पद्धतीनेसुद्धा. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं हे तर राज्यघटनेच्या कलम २२ मध्येच आहे. २०१६ च्या निकालानंतर संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआरही पोलिसांच्या साइटवर टाकावी लागते. ई-कोर्ट्सवर नावाने किंवा एफआयआर नंबरने केस शोधता येते. मोफत वकील हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे.

कागदावर हे सगळं छान आहे. प्रश्न आहे तो रात्री अकरा वाजता, मित्राला आंदोलनातून उचलून नेल्यावर, तो कुठल्या ठाण्यात आहे हे तुम्हाला कसं कळणार. बहुतेकदा आपण काय करतो? ओळखीचा नगरसेवक, ओळखीचा पत्रकार, ओळखीचा वकील. ज्याची ओळख आहे त्याला दहा मिनिटांत कळतं. ज्याची नाही, तो एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात चकरा मारतो. अमेरिकेची यादी कितीही निर्दयी असली तरी तिच्यापुढे ओळखीचा आणि बिनओळखीचा सारखाच असतो, हे मान्य करावं लागेल.

म्हणून ‘माहिती उघडी असावी की बंद?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. विचारायला हवं ते असं: माहिती कुणावर नजर ठेवण्यासाठी आहे? पोलिसांवर असेल, तर माणूस ताब्यात आहे तोवर ती उघडी हवी, घरच्यांना आणि वकिलाला तातडीने मिळायला हवी, आणि सुटका झाली की यादीतून उतरायला हवी. त्यासाठी फोटोची गरज नाही, आणि १९३८ पासूनच्या नावांची तर मुळीच नाही. नजर माणसावरच ठेवायची असेल, तर ती कायमची राहते, गुगलवर, व्हिसाच्या फॉर्मवर, नोकरीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये. बक्स काउंटीने पहिल्या कामासाठी बनवलेलं साधन दुसऱ्या कामाला लावलं. आपल्याकडे पहिलं कामच पुरतं सुरू झालेलं नाही, आणि दुसरं मात्र अटकेच्या व्हिडिओंमधून व्हॉट्सॲप ग्रुपवर जोरात चालू आहे.

परीक्षा संपल्यावर एक करा. दोघंतिघं मिळून जवळच्या पोलीस ठाण्यात जा, आणि कलम ३७ प्रमाणे अटक झालेल्यांची माहिती कुठे लावली आहे, नेमलेला अधिकारी कोण आहे, हे नम्रपणे विचारा. लॉ कॉलेजवाल्यांनी तर नक्कीच. फळा असेल तर उत्तम. नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.